पाण्याची खूण

फेब्रुवारीतली सकाळ होती. सीडर रॅपिड्सच्या आमच्या अंगणात गुडघाभर बर्फ साचलं होतं आणि मॅडिसनला शिकणारी नात फोनवरून घाई करत होती, "आजी, झाडाजवळची घेऊ की कोपऱ्यावरची? लवकर सांग गं, जातील."

मी चष्मा शोधेपर्यंत झाडाजवळची गेलीसुद्धा. कोपऱ्यावरची मिळाली. ऑगस्टमधल्या तीन रात्री, मिसिसिपीच्या विस्कॉन्सिनकडच्या काठावर, डी सोटो गावाजवळच्या ब्लॅकहॉक पार्कमध्ये आमच्या आर.व्ही.साठी जागा पक्की झाली. त्या दिवशी तिथे नदीवर माणसं बर्फाला भोकं पाडून मासे धरत बसली असतील.

मी फोन खाली ठेवला तसे हे आरामखुर्चीतून म्हणाले, "झालं? एवढ्यात?"

आमच्या घरात गाडी ह्यांनी चालवायची आणि जागा मी हेरायची, ही वाटणी पहिल्यापासूनची. त्या हेरण्याला कधी अर्धा तास लागे, कधी दोन. मूल रडकुंडीला येई, ह्यांचा हात स्टिअरिंगवर ताल धरू लागे, पण मनाजोगी जागा सापडेपर्यंत मी काही चाकांखाली ठोकळे घालू देत नसे. ह्यांच्या त्या "एवढ्यात?"मध्ये हे सगळं होतं.

१९८१ च्या उन्हाळ्यात आम्ही एक जुना पॉप-अप कॅम्पर विकत घेतला. खालून पत्र्याची पेटी, हँडल फिरवलं की छप्पर वर, आणि दोन्ही बाजूंना कॅनव्हासचे पलंग बाहेर ओढायचे. संडास नाही, एसी नाही, आत उभं राहून पोहे परतता येतील एवढा एक बर्नर. शुक्रवारी हे कामावरून आले की पाचच्या सुमारास निघायचं. १३ नंबरचा रस्ता धरून मँचेस्टर, मग नगरपालिकेच्या माथ्यावर प्रचंड स्ट्रॉबेरी मिरवणारं स्ट्रॉबेरी पॉइंट, मग टर्की नदीकाठचं एल्केडर. (फ्रेंचांशी झुंजलेल्या अल्जीरियाच्या अमीर अब्देल कादिरचं नाव ह्या आयोवातल्या खेड्याला १८४६ मध्ये दिलं गेलं, हे कळलं त्या दिवशी मला ह्या मुलुखाबद्दल पहिल्यांदा जवळीक वाटली.) इथून पुढे मका-सोयाबीनची सपाट शेतं संपतात आणि अचानक डोंगर, कडे, खोल दऱ्या सुरू होतात. हिमयुगातल्या हिमनद्या आजूबाजूचा मुलूख रंधा मारल्यासारखा सपाट करत गेल्या, पण ह्या पट्ट्यातल्या बऱ्याच भागाला त्यांनी स्पर्श केला नाही. इथल्या नद्या म्हणूनच अजून वळणांच्या आणि खोल दऱ्यांतल्या आहेत.

कुठे मुक्काम करायचा हे घरून ठरलेलं नसे. मांडीवर वूडॉल्सची विटेएवढी जाड डिरेक्टरी आणि रँड मॅकनॅलीचा ॲटलास असे. डिरेक्टरीत जागा किती, वीज आहे की नाही, एवढं कळायचं. नदी ह्या आठवड्यात कशी आहे, हे तिच्यात कुठून असणार? ते विचारावं लागे. गळाला लावायची गांडुळं विकणाऱ्या दुकानात थांबलं की सगळी बातमी मिळायची. वर मिनेसोटात पाऊस झालाय, रविवारपर्यंत पाणी फूटभर चढेल, खालच्या अंगाला जाऊ नका. अमक्या ठिकाणी डास फार, तमक्या ठिकाणी रेल्वे उशाशी. रेल्वेबद्दल सांगायला हवं, कारण वरच्या मिसिसिपीच्या दोन्ही काठांनी रूळ आहेत. पाणी आणि कडा ह्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रस्ता, रूळ, गाव आणि कॅम्पग्राउंड अशी सगळ्यांची दाटी. रात्री दोनला मालगाडीचा भोंगा ऐकून मुलगा पहिल्या वर्षी दचकून उठायचा. नंतर घरी भोंग्याशिवाय त्याला झोप येईना.

पोचल्यावर खरं काम सुरू होई. आधी एक फेरी गाडीतून, माणसाच्या चालीनं. मग मी उतरायची आणि दुसरी फेरी पायी.

मी कऱ्हाडची. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि वळून एक होऊन निघतात, त्या प्रीतिसंगमाजवळ माझं लहानपण गेलं. नदीकाठच्या घरातल्या मुलीला पाणी कुठवर चढतं हे कुणी शिकवावं लागत नाही. भिंतीचा रंग, पायऱ्यांवरची चिकणमाती, झाडाच्या बेचक्यात अडकलेला पालापाचोळा, सगळं सांगत असतं. इथे भिंती नव्हत्या, पण सिल्व्हर मेपल आणि कॉटनवूडचे बुंधे होते. बुंध्यावर खाली करडा आणि वर तपकिरी असा रंग जिथे बदलतो, तिथवर वसंतातलं पाणी येऊन गेलेलं. ती रेघ पोटरीपर्यंत असेल तर ठीक. कमरेच्या वर असेल तर मी पुढे जायची. मग जमीन. नदीनं नव्यानं आणून टाकलेली मळीची माती दिसायला मऊ, सुंदर, पण एका पावसात चाकं रुतवणारी. मग वारा कुठून येतो, कारण वारा असेल तिथे डास कमी. सकाळचं ऊन कॅनव्हासवर पडलं की सातलाच भट्टी होते, म्हणून पूर्वेला झाड हवं. शेवटी खिशातली छोटी पाणसळ जमिनीवर ठेवून उतार बघायचा. शेजारी कोण आहे तेही बघायची. दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत असतील तर मला ती जागा आवडायची.

पसंत पडली की ह्यांना हाक मारण्याआधी तिथे घडीची खुर्ची टाकून यायची. एस.टी.त खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. आणि तो रुमाल तिथे सगळे मानायचे. मग गाडी मागे घेणं. ट्रेलर जोडलेला असला की स्टिअरिंग उलटं फिरवावं लागतं, म्हणून मागे उभं राहून "येऊ द्या, येऊ द्या, थोडं डावीकडे, आता थांबा!" असा माझा कंडक्टरचा आवाज त्या अंधारात घुमायचा. नंतर फाटकाजवळच्या लोखंडी पाइपापाशी जायचं. तिथे दोरीला बांधलेली पेन्सिल आणि पाकिटांचा गठ्ठा. पाकिटावर गाडीचा नंबर लिहायचा, आत पैसे घालायचे, पाकीट पाइपाच्या फटीतून आत टाकायचं आणि पावतीचा तुकडा आपल्या जागेच्या खांबाला अडकवायचा. तिथे मोजायला कुणी नसे, पण आम्ही किंवा आमच्या माहितीतल्या कुणी पैसे बुडवल्याचं आठवत नाही.

एकदाच मी माझं म्हणणं सोडलं. एका जूनमध्ये आम्ही एका लहान नदीच्या काठी रात्री उशिरा पोचलो. अगदी पाण्यालगतची एकच जागा उरली होती. टॉर्चच्या उजेडात बुंध्यावरची रेघ माझ्या छातीशी होती. मी म्हणाले, इथे नको. पण हे दिवसभर राबलेले, मुलगा मागच्या सीटवर झोपलेला. राहिलो. रात्री तीनला कुणीतरी पत्र्यावर थापा मारल्या. दार उघडलं तर पलीकडच्या ट्रेलरमधले म्हातारबाबा गुडघाभर बुटात उभे. ते रोज संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक काडी रोवत आणि झोपण्यापूर्वी, मग रात्री उठतील तेव्हा तेव्हा, ती बघत. वरच्या खोऱ्यात पाऊस कोसळला होता. काडी दिसेनाशी झाली तशी त्यांनी तिथल्या सातही कुटुंबांना उठवलं. आमच्या मागच्या चाकाला पाणी लागलं होतं. छप्पर खाली करायलाही वेळ नव्हता. कॅनव्हास फडफडत असलेला तो डोलारा ह्यांनी तसाच वरच्या रस्त्यावर ओढून काढला.

त्या दिवसापासून आमच्याकडे संध्याकाळी काडी रोवणं सुरू झालं. देवापाशी दिवा लावण्याइतकं नियमानं. ते मुलाचं काम. सकाळी उठला की तो चप्पल न घालता आधी काडी बघायला पळायचा.

मला आधी वाटायचं, मिसिसिपीवर एवढी धरणं आहेत, मग पुराची भीती कसली? कोयनेचं धरण डोक्यात होतं ना. गटनबर्गला दहा नंबरचं लॉक आणि धरण बघायला गेलो तेव्हा माझा गैरसमज गेला. १९३० च्या दशकात बांधलेली ही धरणं पाणी साठवून पूर अडवायला नाहीतच. मालवाहू तराफ्यांसाठी नऊ फूट खोलीचा मार्ग राखायचा, एवढंच त्यांचं काम. पूर आला की दारं पूर्ण वर उचलतात आणि नदी आपल्या वाटेनं जाते. १९९३ चा उन्हाळा म्हणूनच आठवतो. आम्ही खिडकीत बसून पाऊस बघत होतो आणि आमच्या आवडीच्या सगळ्या जागा पाण्याखाली होत्या. तराफे मात्र बघत राहावेत असे. तीन-तीनच्या पाच रांगा, असे पंधरा एकत्र बांधून एक बोट ढकलत नेते. इथली बहुतेक लॉक सहाशे फुटांची, त्यात सगळे मावत नाहीत. मग मधून सोडवून काही आधी, उरलेले नंतर. रात्री त्या बोटीचा प्रकाशझोत काठ चाचपत यायचा, आमच्या कॅनव्हासवरून सरकत जायचा आणि मच्छरदाणीची जाळी क्षणभर भिंतीवर मोठी होऊन उमटायची.

किकापू नदीकडेही आम्ही फार गेलो. विस्कॉन्सिनमधली ही नदी इतकी वळणं घेते, की होडीतून तासभर गेल्यावर मागचीच टेकडी पुन्हा समोर येते. तिच्या काठच्या सोल्जर्स ग्रोव्हची हकीकत मला कायम धीर देणारी वाटली. वर्षानुवर्षं पूर सोसलेल्या ह्या गावानं १९७८ च्या मोठ्या पुरानंतर आपली सगळी बाजारपेठ उचलून वर नेली, आणि नव्या दुकानांनी किमान निम्मी ऊब सूर्यापासून घ्यावी असा नियम केला. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा तिरक्या काचांची ती दुकानं नवी कोरी होती, आणि नदीकाठी जिथे जुना बाजार होता तिथे हिरवळ. एका अख्ख्या गावानं बुंध्यावरची रेघ वाचून जागा बदलली होती.

आता जागेचं आरक्षण पडद्यावर होतं. लष्कराच्या इंजिनिअर खात्याची कॅम्पग्राउंडं सहा महिने आधी, आयोवाची सरकारी पार्कं तीन महिने आधी, विस्कॉन्सिनची तर अकरा महिने आधी. प्रत्येक जागेचा फोटो, लांबी, रुंदी, वीज तीस अँपिअर की पन्नास, सगळं लिहिलेलं. पण तो फोटो कुठल्या तरी एका कोरड्या दुपारचा असतो. अकरा महिन्यांनंतर नदी कुठे असेल हे त्यात दिसत नाही, आणि दिसलं तरी आपल्याला पुढची-मागची जागा घ्यायची मुभा नसते. दिलेल्या आकड्यावर जाऊन उभं राहायचं. मला सगळ्यात लागतं ते रिकाम्या जागा बघून. खांबावर आरक्षणाची चिठ्ठी, आणि शनिवार मावळला तरी कुणी आलेलं नसतं. पूर्वी अशी जागा एखाद्या थकून आलेल्या कुटुंबाची झाली असती.

पण एक गोष्ट मी माझ्या नातीपासूनही लपवलेली नाही. १९८३ च्या सुमारास एका खासगी कॅम्पग्राउंडच्या खिडकीशी आम्ही तिघं उभे होतो. आतल्या माणसानं आमच्या तोंडांकडे बघितलं आणि सगळं भरलंय म्हणून सांगितलं. त्याच्या मागच्या फळ्यावर चार किल्ल्या लटकत होत्या. हे काही बोलले नाहीत. त्या रात्री एका किराणा दुकानाच्या गाडीतळावर आम्ही सीटवर बसून झोपलो. पडदा माणसाचं तोंड बघत नाही. नात एका बोटानं जिथे हवी तिथे जागा घेते, आणि घेताना तिच्या मनात ही शंकासुद्धा येत नाही, ह्याचं मला मोल आहे. पाण्याचंही तसंच. नदीची पातळी आज फोनवर तासातासाला दिसते आणि पुराचा इशारा मध्यरात्री उशाशी वाजतो. म्हातारबाबांच्या काडीच्या भरवशावर सात घरं झोपलेली असणं ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हती. नशीब होतं.

नदीकाठही बदलला. लाकडं पूर्वी आम्ही घरून न्यायचो, परसातल्या तोडलेल्या फांद्या डिकीत भरून. आता तसं करायचं नाही. एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ मध्ये डेट्रॉइटच्या बाजूला सापडला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली बोगदे करत झाड आतून कापतात, आणि हे किडे दूरवर पोचले त्यात कॅम्पिंगला नेलेल्या सरपणाचा मोठा वाटा होता. २०१० मध्ये तो आयोवात पोचला. मॅकग्रेगरच्या बाजूला आमची एक लाडकी जागा होती. तिथे तीन ॲशची झाडं दुपारभर सावली धरायची. गेल्या खेपेला तिथे तीन बुंधे जमिनीसरशी कापलेले होते. कुणी आणला तिथे तो किडा? आम्हीच नसेल कशावरून? अजाणता का होईना, त्या काठावर परमुलखातलं लाकूड जाळणाऱ्यांत आम्हीही होतो.

आणि गरुड. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा बाल्ड ईगल दिसला तर गाड्या थांबायच्या. त्याआधी कितीतरी वर्षं डीडीटीनं त्यांची अंडी पातळ कवचाची होऊन फुटत आली होती. १९७२ मध्ये त्यावर बंदी आली, आणि २००७ मध्ये गरुड धोक्यातल्या प्रजातींच्या यादीतून बाहेर पडला. आता सकाळचा चहा होईपर्यंत चार-पाच दिसतात. नात मान वर करत नाही, एवढे नेहमीचे झालेत. मी करते. ह्यांच्या तोंडून अजूनही "अगं तो बघ!" निघतंच.

आमच्या गरजाही त्या काळच्या राहिल्या नाहीत. तेव्हा मला पाण्याला लागून आणि दिव्यांपासून लांब जागा हवी असे. आता ह्यांना रात्री श्वासाचं यंत्र लावावं लागतं, म्हणजे वीज हवीच. संडास जवळ हवा. वाट सपाट हवी, काठीला अडखळेल असं मूळ नको. मुलाचा ट्रेलर तीस फुटांचा. छोट्या गाड्यांसाठी आखलेल्या जुन्या वळणांवर त्याच्या छपराला फांद्या घासतात. बासष्टी ओलांडलेल्यांना मिळणारा पास दाखवला की निम्मं भाडं पडतं. ह्या गोष्टी बघून जागा निवडायची, आणि त्या पडद्यावर बरोबर कळतात, हे मान्य करायलाच हवं.

ऑगस्टमध्ये गेलो. वाटेत टेबलावर कणसं मांडलेली होती, विकणारं कुणी नव्हतं. पैशांचा पत्र्याचा डबा अजून आहे, फक्त शेजारी फोननं पैसे द्यायचा कोड चिकटवलेला. अर्धा डझन घेतली. संध्याकाळी निखाऱ्यावर भाजून लिंबू, तिखट, मीठ चोळलं तेव्हा शेजारच्या मुलांचा घोळका वासावर आला, तो पूर्वीसारखाच.

ब्लॅकहॉक हे नाव मला कितीतरी वर्षं फक्त सुंदर वाटायचं. मग कळलं, की १८३२ च्या ऑगस्टमधल्या पहिल्या दोन दिवसांत, ह्याच परिसरात, ब्लॅक हॉक ह्या सॉक पुढाऱ्याची उपाशी, दमलेली माणसं बायका-मुलांसह ही नदी ओलांडून पलीकडे जायला धडपडत होती. किनाऱ्यावरून सैन्यानं आणि पाण्यातून 'वॉरियर' नावाच्या आगबोटीनं त्यांना गोळ्या घातल्या. नातीला मी ते सांगितलं. ती बराच वेळ पाण्याकडे बघत बसली.

पण त्याआधीची गोष्ट. पोचल्यावर मुलगा ट्रेलर लावण्याच्या तयारीत होता, मागे कॅमेरा असल्यानं माझ्या ओरडण्याची गरज नव्हती. तरी मी उतरले आणि कोपऱ्यावरच्या जागेभोवती एक फेरी मारली. नात मागून आली. पलीकडे जाड कॉटनवूड होता. बुंध्यावरची रेघ शोधायला मी खाली बघत होते, ती सापडेना. मग वर बघितलं. ती माझ्या डोक्याच्या वर होती.

नातीनं फोन काढून नदीची आजची पातळी, उद्याचा अंदाज वाचून दाखवला. चढायची लक्षणं नाहीत म्हणाली. मग चवड्यांवर उभी राहून तिनं त्या रेघेवर हात टेकवला.

"कुठवर आहे गं?" ह्यांनी गाडीतून विचारलं.

तिनं वर केलेला हात तसाच ठेवून त्यांना दाखवला.

"मग काडी रोवा," हे म्हणाले.

"कसली काडी, आजोबा?"

मी वाकून गवतात बोटभर जाडीची, सरळशी एखादी सापडते का ते शोधायला लागले होते.